दहाच्या जागी तीसचा फ्यूज: त्या व्हायरल मेसेजला उत्तर

“गाडीच्या म्युझिक सिस्टिमच्या सगळ्या तक्रारींवर ६ रामबाण उपाय, मेकॅनिक हे कधीच सांगणार नाहीत” असा एक मेसेज फिरतोय. माझ्याकडे तो चार ग्रुपांवर आला आणि चारही वेळा मी तो सोडून दिला. परवा मामांच्या गाडीचा फ्यूज बॉक्स उघडला, तेव्हा कळलं की तिथेच चूक झाली. म्युझिक सिस्टिमच्या खाचेत लाल फ्यूज असायला हवा होता, तिथे हिरवा होता. लाल म्हणजे १० अँपिअर. हिरवा म्हणजे ३०.

“मामा, हा कुणी बदलला?”

“मीच. तो सूं आवाज येतो ना, त्यावर उपाय होता मेसेजमध्ये. आवाज काही गेला नाही, पण म्हटलं असू दे.”

त्या “असू दे”मुळेच हे लिहायला बसलो. मामा रोज गाडी चालवतात, मागच्या सीटवर त्यांची नात असते.

मेसेजमधले उपाय थोडक्यात असे. गाणी अडकत असतील तर इंजिन चालू ठेवून बॅटरीची वायर काढा. सगळी गाणी ३२० केबीपीएसमध्ये (गाण्याच्या दर सेकंदाला किती डेटा, त्याचं माप) कन्व्हर्ट करा. पेनड्राइव्ह एनटीएफएसमध्ये (ड्राइव्हवर फाइली मांडायची एक पद्धत) फॉरमॅट करा. सूं आवाज येत असेल तर १०चा फ्यूज काढून ३०चा लावा. एखादी फाइल चालत नसेल तर नावाच्या शेवटी एमपी३ लिहा. आणि गाण्यांच्या नावांऐवजी चौकोन दिसले तर व्हायरस आहे, सगळं डिलीट करा.

आधी फ्यूज. मेसेज म्हणतो की कंपनी मुद्दाम लहान फ्यूज बसवते, म्हणून सेटला करंट कमी पडतो आणि आवाज खराब येतो. हे साफ खोटं आहे. फ्यूज हा काही नळ नाही, की मोठा बसवला म्हणून धार वाढेल. सेटला लागतो तेवढाच करंट तो ओढतो, समोर १०चा फ्यूज असो की ३०चा. फरक पडतो तो काही बिघडलं तर. डॅशबोर्डमागे एखादी वायर घासून तिचं आवरण गेलं आणि ती बॉडीला टेकली, की करंट एकदम वाढतो. १०चा फ्यूज तिथे स्वतः जळतो आणि वायर वाचते. ३०चा फ्यूज मात्र ३० अँपिअरपर्यंत ढिम्म बसून राहतो. वायरमध्ये तयार होणारी उष्णता करंटच्या वर्गाच्या पटीत वाढते, म्हणजे करंट तिप्पट झाला तर उष्णता नऊपट. १०च्या फ्यूजच्या हिशोबाने टाकलेली बारीक वायर इतकी तापली की आधी तिचं प्लॅस्टिक वितळतं, मग शेजारच्या वायरींचं, आणि ड्रायव्हरला काही दिसायच्या आत डॅशबोर्डमागे आग लागलेली असू शकते.

माझ्यावर विश्वास ठेवू नका, गाडीबरोबर मिळालेलं मॅन्युअल काढा. फ्यूजच्या पानावर स्पष्ट लिहिलेलं असतं: ठरवून दिलेल्यापेक्षा जास्त अँपिअरचा फ्यूज लावू नका, फ्यूजऐवजी तार वगैरे वापरू नका, आग लागू शकते. गाडी कोणत्याही कंपनीची असो, ही सूचना सापडेल. ज्यांनी गाडीचं वायरिंग केलं त्यांचं ऐकायचं, की ज्याचं नावही माहीत नाही अशा माणसाच्या फॉरवर्डचं?

आणि तो सूं आवाज? त्याचा फ्यूजशी काडीचा संबंध नाही. अॅक्सिलरेटर दाबला की आवाज बारीक आणि तीव्र होतो का, एवढं ऐका. होत असेल तर तो आल्टरनेटरचा, म्हणजे इंजिनच्या जोरावर वीज तयार करणाऱ्या यंत्राचा, आवाज आहे. फोन गाडीतल्या चार्जरला लावलाय आणि तोच फोन ऑक्स केबलने (हेडफोनसारख्या पिनच्या वायरीने) सेटला जोडलाय, की दोन वाटांनी अर्थिंग मिळतं आणि त्या वेटोळ्यातून आल्टरनेटरची कुरकुर स्पीकरमध्ये शिरते. मामांकडे हेच झालं होतं. मी चार्जरची पिन उपसली आणि आवाज त्याच क्षणी बंद झाला. परत लावली, परत सुरू. मामांनी स्वतः तीनदा करून पाहिलं. चार्जिंग आणि ऑक्स दोन्ही एकदम हवंच असेल तर ऑक्सच्या वायरीत बसवायचा, हे वेटोळं तोडणारा ग्राउंड लूप आयसोलेटर मिळतो.

बॅटरीची वायर काढण्यात थोडं तथ्य आहे, हे नाइलाजाने मान्य करतो. सेट अडकून बसला की त्याचा वीजपुरवठा तोडून परत दिल्याने तो कधी कधी ताळ्यावर येतो. पण हे करायचं ते गाडी बंद असताना. इंजिन चालू असताना बॅटरी सोडवली की आल्टरनेटरच्या वाढलेल्या व्होल्टेजला शोषून घेणारं कुणी उरत नाही. १२ व्होल्टच्या गाडीत काही क्षण त्याच्या कितीतरी पट व्होल्टेज उसळू शकतं, आणि सेटबरोबर इंजिनचा कंट्रोल युनिटही जाऊ शकतो. शिवाय चोरी टाळण्यासाठी कोड असलेले सेट बॅटरी सुटली की कोड मागतात, म्हणून तो आधी शोधून ठेवा. त्यापेक्षा सेटचं पॉवर बटण दहा-पंधरा सेकंद दाबून धरा किंवा सेटिंगमधला रीसेट वापरा, बऱ्याच सेटमध्ये यातलं एक तरी असतंच.

३२०चं प्रकरण लवकर संपतं. एमपी३ करताना आवाजातला काही भाग कायमचा टाकून दिलेला असतो. १२८चं गाणं ३२० केलं म्हणून तो परत येत नाही, पुसट झेरॉक्सची मोठ्या कागदावर झेरॉक्स काढण्यासारखं आहे ते. चार मिनिटांचं गाणं पावणेचार-चार एमबीवरून साडेनऊ एमबीवर जातं, आवाज होता तसाच राहतो किंवा कणभर बिघडतो. मूळ सीडी हाताशी असेल तर तिच्यावरून नव्याने ३२०ला गाणी काढा, तिथे फरक पडेल.

एनटीएफएस वाचणारे काही नवे सेट आहेत, पण जवळजवळ सगळे सेट वाचतात ती फॅट३२ ही जुनी पद्धत. चालणारा पेनड्राइव्ह एनटीएफएस केला की “नो डिव्हाइस” दिसण्याचीच शक्यता जास्त. विंडोजच्या नेहमीच्या फॉरमॅट खिडकीत ३२ जीबीच्या वर फॅट३२चा पर्याय बरीच वर्षं मिळत नसे, म्हणून लोक एनटीएफएसकडे वळले असतील. ३२ जीबीचा पेनड्राइव्ह घ्या, प्रश्न मिटला. आणि नावाच्या शेवटी एमपी३ लिहिल्याने फाइल एमपी३ होत नाही, डब्यावरचं लेबल बदलल्याने आतली वस्तू बदलत नाही. गाण्यांच्या अॅपमध्ये “डाउनलोड” केलेली गाणी तर कुलूपबंद असतात, ती त्या अॅपबाहेर चालणारच नाहीत.

आता शेवटचा उपाय. फ्यूजइतकाच राग मला याचा आला. मामांच्या पेनड्राइव्हवर आजीच्या आवाजाची रेकॉर्डिंग आहेत. आजीला जाऊन सहा वर्षं झाली. त्या फाइलींना आम्ही मराठीत नावं दिली होती, सेटवर ती चौकोन-चौकोन दिसायची, आणि मामा मेसेज वाचून सगळं पुसायला निघाले होते. मामींनी “आधी याला विचारा” म्हटलं म्हणून वाचलं.

चौकोन म्हणजे व्हायरस नव्हे. सेटमध्ये देवनागरीचा फॉन्टच नाही, एवढाच त्याचा अर्थ. प्रश्नचिन्हं किंवा भलतीच अक्षरं दिसत असतील तर गाण्याच्या फाइलीत साठवलेलं नाव, ज्याला टॅग म्हणतात, ते सेटला उलगडत नाही. टॅगच्या सर्वांत जुन्या पद्धतीत गाण्याच्या नावाला जागाच ३० बाइटची होती. यूटीएफ-८ या अक्षरं साठवायच्या पद्धतीत देवनागरीचं एकेक अक्षर, एकेक मात्रा तीन बाइट खाते, म्हणजे दहा चिन्हांत जागा संपते. फाइलीचं नाव आणि टॅग रोमन लिपीत लिहा, चौकोन जातात. आवाजाला यातल्या कशानेच धक्का लागत नाही.

त्यातली दोन रेकॉर्डिंग सेटवर चालत नव्हती, कारण फोनने ती एएमआर या वेगळ्या फॉरमॅटमध्ये केली होती. ती मात्र मी खरोखर एमपी३मध्ये कन्व्हर्ट केली, मूळ फाइली तशाच ठेवून. आणि गाणी मध्येच अडकण्याचं कारण निघालं माझ्याच हातून झालेलं: पेनड्राइव्ह मी मॅकवरून भरला होता. मॅक अशा ड्राइव्हवर प्रत्येक गाण्याजोडीला टिंब आणि खालच्या रेघेने सुरू होणारी काही केबीची लपलेली फाइल टाकतो. सेट तिलाच गाणं समजून वाजवायला जायचा आणि थबकायचा. त्या सगळ्या काढून टाकल्या आणि अडकणं थांबलं.

तुम्ही किंवा तुमच्या घरात कुणी हा फ्यूजचा उपाय केला असेल तर पुढच्या वेळी गाडी काढायच्या आधी फ्यूज बॉक्स उघडा. झाकणाच्या आतल्या बाजूला किंवा मॅन्युअलमध्ये नकाशा असतो, त्यात ऑडिओ किंवा रेडिओसमोर किती अँपिअर लिहिलंय ते बघा आणि फ्यूजवरचा आकडा त्याच्याशी जुळवा. जुळत नसेल तर गाडी बंद करून योग्य फ्यूज बसवा. तो बसवल्या बसवल्या उडाला तर दुसरा लावून बघू नका, खाच रिकामी ठेवा, गाणी बंद राहू द्या आणि वायरिंग तपासून घ्या.