स्वदेशी ऑपरेटिंग सिस्टिम आणि तिच्या किल्ल्या

जुलै २०२५ मध्ये युरोपीय संघाने नायरा एनर्जी या भारतातल्या तेलशुद्धीकरण कंपनीवर निर्बंध लादले. पाठोपाठ मायक्रोसॉफ्टने तिच्या सेवा थांबवल्या. पैसे भरलेले असूनही कंपनीचे स्वतःचे ईमेल तिला उघडता येईनात. कंपनी दिल्ली उच्च न्यायालयात गेली आणि काही दिवसांत सेवा पूर्ववत झाल्या. पण तोवर भारतात जुनी मागणी पुन्हा जोरात सुरू झाली होती: आपली स्वतःची ऑपरेटिंग सिस्टिम हवी.

मी जर्मनीत सॉफ्टवेअरच्या क्षेत्रात काम करते. इथेही त्याच वर्षी जवळजवळ हीच चर्चा रंगली होती. अमेरिकेच्या निर्बंधांनंतर हेगच्या आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाच्या मुख्य अभियोक्त्यांचं ईमेल खातं बंद झाल्याच्या बातम्या मे महिन्यात आल्या. न्यायालयाची सेवा आम्ही थांबवलेली नाही, असं मायक्रोसॉफ्टने सांगितलं, पण युरोपला बसायचा तो हादरा बसलाच. भारताला धक्का ब्रसेल्सच्या निर्णयाने बसला, युरोपला वॉशिंग्टनच्या. दोन्हीकडची भीती खरी आहे. ती बाळगणाऱ्यांना भाबडं किंवा अतिरेकी म्हणणाऱ्यांशी मी सहमत नाही.

माझा मतभेद पुढच्या पायरीवर आहे. भारतातला वाद ‘ऑपरेटिंग सिस्टिम कोणत्या देशाची’ इथेच घुटमळतो. येत्या दशकात ती घडणार कशी, तिच्या आत कोणाला काय करायची मुभा असणार, हा प्रश्न त्यात जवळजवळ येतच नाही. आणि माझ्या मते सगळं काही त्याच प्रश्नावर अवलंबून आहे.

भारताने प्रयत्न केले नाहीत असं मुळीच नाही. सी-डॅक या सरकारी संगणन संस्थेची ‘बॉस’ २००७ मध्ये आली. ती लिनक्स या खुल्या, म्हणजे कोणालाही पाहता-बदलता येणाऱ्या कोडच्या प्रणालीवर, नेमकं सांगायचं तर तिच्या डेबियन या आवृत्तीवर उभी आहे. २०२३ च्या जानेवारीत आयआयटी मद्रासच्या पाठबळावर ‘भारओएस’ आली, ती अँड्रॉइडच्या खुल्या कोडवर. त्याच वर्षी संरक्षण मंत्रालयाच्या ‘माया’ची बातमी आली, ती उबुंटू या लिनक्सच्याच दुसऱ्या आवृत्तीवर. प्रत्येक वेळी दोन ठरलेल्या प्रतिक्रिया उमटल्या. एक गट अभिमानाने भरून आला, दुसऱ्याने ‘हे तर उचललेलं आहे’ म्हणून नाक मुरडलं. दुसऱ्या गटाचं म्हणणं मला पटत नाही. आज शून्यापासून ऑपरेटिंग सिस्टिम लिहायला बसणं म्हणजे हजारो प्रकारच्या प्रिंटर, कॅमेरा आणि वायफाय चिपसाठी पुन्हा ड्रायव्हर, म्हणजे ती उपकरणं चालवणारे छोटे प्रोग्रॅम, लिहिणं. खुल्या पायावर बांधणं हाच शहाणपणा आहे. भारओएसची मूळ कल्पना तर मला फार मोलाची वाटते: फोनमध्ये आधीपासून भरलेली ॲप नसावीत, काय ठेवायचं ते वापरणाऱ्याने ठरवावं. दुर्दैवाने तिची चर्चा नावावर झाली, या कल्पनेवर नाही.

जर्मनीतला अनुभव इथे उपयोगी पडतो, कारण या देशाने हे करून पाहिलंय, त्यात आपटलाय आणि पुन्हा उभा राहिलाय. म्युनिक महापालिकेने २००३ मध्ये लिनक्सकडे जायचं ठरवलं. सुमारे १५ हजार संगणक बदलले. आणि २०१७ मध्ये महापालिकेच्या सभेने पुन्हा विंडोजकडे जायचा ठराव केला. आता श्लेस्विग-होल्श्टाइन हे उत्तरेकडचं राज्य सुमारे ३० हजार संगणक लिबरऑफिस या खुल्या ऑफिस सॉफ्टवेअरवर आणि टप्प्याटप्प्याने लिनक्सवर नेतंय. तिथेही कर्मचाऱ्यांच्या तक्रारी झाल्या, विशेषतः ईमेल बदलताना. पण मला सगळ्यात महत्त्वाची वाटली ती वेगळीच, कमी गाजावाजा झालेली गोष्ट. २०२२ मध्ये जर्मन सरकारने ‘सॉव्हरिन टेक फंड’ सुरू केला. त्यातून पैसा नव्या राष्ट्रीय ऑपरेटिंग सिस्टिमला मिळत नाही, सगळं जग वापरतं त्या खुल्या घटकांच्या देखभालीला मिळतो. लिनक्सवरच्या ग्नोम या डेस्कटॉपला २०२३ मध्ये १० लाख युरो मिळाले आणि त्यातला काही भाग दृष्टिहीनांना संगणक नीट वापरता यावा यासाठीच्या कामावर खर्च झाला. या पैशाने कोणत्याही डब्यावर जर्मनीचा झेंडा लागला नाही. जर्मनीची पकड मात्र वाढली, कारण कोड जाणणारी माणसं तयार झाली.

आता प्रणालीच्या आतल्या आराखड्याकडे येते.

१९ जुलै २०२४ ला क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीच्या एका सदोष अपडेटने सुमारे ८५ लाख विंडोज संगणक बंद पाडले. विमानं रखडली, रुग्णालयांची कामं अडली. तो व्हायरस नव्हता, हल्लाही नव्हता. संरक्षण करणारं सॉफ्टवेअरच कर्नलमध्ये, म्हणजे प्रणालीच्या गाभ्यात, बसवलेलं होतं, आणि गाभ्यात चूक झाली की सगळं कोसळतं. या धोक्याची जाण नवी नाही. १९९२ मध्ये संगणकशास्त्राचे प्राध्यापक अँड्र्यू टॅननबॉम आणि लिनक्सचे जनक लायनस टोरवाल्ड्स यांच्यात याच मुद्द्यावर जाहीर वाद झाला होता. टॅननबॉम यांचं म्हणणं होतं की गाभा अगदी छोटा असावा, ड्रायव्हर आणि फाइल व्यवस्था त्याच्या बाहेर, एकमेकांपासून वेगळ्या चालाव्यात. टोरवाल्ड्स यांचा लिनक्स हा एकसंध गाभ्याचा होता आणि बाजारात तोच जिंकला. वेग, सोय आणि वेळेवर तयार असणं याला तेव्हा जास्त किंमत होती.

पण तीस वर्षांत पारडं फिरतंय असं मला वाटतं. ऑस्ट्रेलियात तयार झालेल्या एसईएल४ या छोट्या गाभ्याचा कोड जेमतेम दहा हजार ओळींच्या आत आहे, आणि तो ठरवून दिलेल्या नियमांप्रमाणेच वागतो हे २००९ मध्ये गणिती पद्धतीने सिद्ध करण्यात आलं. कोट्यवधी ओळींच्या गाभ्याबाबत हे आज कोणी करू शकत नाही. गुगलची फ्युशिया ही ऑपरेटिंग सिस्टिम छोट्या गाभ्याच्या वाटेने गेली, हुआवे या चिनी कंपनीची नवी हार्मनीओएसही. लिनक्सनेही २०२२ पासून रस्ट या प्रोग्रॅमिंग भाषेला गाभ्यात जागा दिली, कारण मेमरीच्या हाताळणीतल्या चुकांमधूनच सुरक्षेची मोठी भगदाडं पडतात आणि रस्ट अशा चुका टाळायला मदत करते. भविष्यातली ऑपरेटिंग सिस्टिम लहान गाभ्याची आणि कप्प्याकप्प्यांची असेल, असा माझा अंदाज आहे.

कप्पे केले की लगेच पुढचा प्रश्न येतो: कुठल्या कप्प्याची किल्ली, म्हणजे तिथे शिरायचा अधिकार, कोणाकडे? १९८८ मध्ये नॉर्म हार्डी या संगणकतज्ज्ञाने एक किस्सा नोंदवून ठेवलाय. एका संगणकावर कंपायलरला, म्हणजे लिहिलेला कोड यंत्राच्या भाषेत बदलणाऱ्या प्रोग्रॅमला, स्वतःची आकडेवारी नोंदवण्यासाठी प्रणालीच्या राखीव फोल्डरमध्ये लिहायची मुभा होती. त्याच फोल्डरमध्ये बिलांची फाइल होती. कोणीतरी कंपायलरला ‘तुझं आउटपुट या फाइलमध्ये लिही’ म्हणून बिलांच्या फाइलचं नाव दिलं. कंपायलरने निमूटपणे ती पुसून टाकली. वापरणाऱ्याला तो अधिकार नव्हता, कंपायलरला होता. कंपायलर आपला अधिकार कोणाच्या वतीने वापरतोय, हे प्रणाली विचारतच नव्हती.

आज आपण या कंपायलरच्या जागी एआय सहायक बसवू पाहतोय. ‘माझे ईमेल वाच, तिकीट काढ, बिल भर’ असं सांगितलं की काम होईल, अशी ऑपरेटिंग सिस्टिम प्रत्येक मोठ्या कंपनीला हवी आहे. असा सहायक वाचत असलेल्या एखाद्या ईमेलमध्येच कोणी लपवून सूचना लिहिली, तर तो तीही पाळू शकतो. माझे सगळे अधिकार त्याच्याकडे असतील तर त्या अनोळखी माणसाकडेही ते गेलेच. यावरचा उपाय माझ्या मते एकच: प्रत्येक कामापुरती, त्या वेळेपुरती किल्ली, आणि ती काढून घेण्याची सोय. एखाद्या ॲपला सगळी गॅलरी न देता आपण निवडलेला एकच फोटो देतो, त्याच तत्त्वाने सगळी प्रणाली बांधली गेली पाहिजे. हे नंतर चिकटवता येत नाही. २०२४ मध्ये मायक्रोसॉफ्टने ‘रिकॉल’ जाहीर केलं, संगणकाच्या पडद्याची वारंवार चित्रं टिपून ठेवणारं. इतका विरोध झाला की ते मागे घेऊन, वापरणाऱ्याने स्वतःहून सुरू केल्याशिवाय चालणार नाही असं करावं लागलं.

इथे राहून मला एक गोष्ट फार ठळक दिसते: एकच ऑपरेटिंग सिस्टिम दोन प्रदेशांत वेगळी वागते. युरोपात विंडोजमधून मायक्रोसॉफ्टचा एज ब्राउझर रीतसर काढून टाकता येतो, आयफोनवर ॲपलबाहेरचं ॲप दुकान चालतं, कारण डिजिटल मार्केट्स ॲक्ट, बड्या टेक कंपन्यांना लगाम घालणारा युरोपीय कायदा. जून २०२५ पासून युरोपात विकल्या जाणाऱ्या स्मार्टफोनच्या मॉडेलला, त्याची विक्री थांबल्यानंतरही किमान पाच वर्षं ऑपरेटिंग सिस्टिमचे अपडेट द्यावे लागतात. ऑक्टोबर २०२५ मध्ये विंडोज १० चा आधार संपला, तेव्हा युरोपातल्या घरगुती ग्राहकांना आणखी एक वर्षाचे सुरक्षा अपडेट विनामूल्य मिळाले. इतरत्र पैसे द्या, नाहीतर सेटिंग्ज कंपनीच्या क्लाउडवर ठेवा किंवा मायक्रोसॉफ्टचे बक्षीस पॉइंट खर्च करा, अशी अट होती. कोड तोच, कंपनी तीच. ग्राहकाच्या मागे कायदा आणि ग्राहक संघटना उभ्या होत्या एवढाच फरक.

हे भारताला जमणार नाही, असं म्हणणाऱ्यांना मी २०२२ आठवून देते. भारतीय स्पर्धा आयोगाने अँड्रॉइड प्रकरणी गुगलला १,३३७ कोटींहून जास्त दंड ठोठावला, आणि जानेवारी २०२३ मध्ये गुगलने भारतासाठी अँड्रॉइडचे नियम बदलले. फोन कंपन्यांना गुगलची ॲप सुटी घेता येऊ लागली, ग्राहकाला शोधयंत्र निवडता येऊ लागलं. एका निकालाने भारतातल्या कोट्यवधी फोनमध्ये जे बदललं, ते कोणत्याही स्वदेशी प्रणालीला अजून बदलता आलेलं नाही.

आणि स्वदेशी म्हणजे आपोआप आपली, हेही खरं नाही. नोव्हेंबर २०२५ च्या अखेरीस दूरसंचार विभागाने संचार साथी हे सरकारी ॲप प्रत्येक नव्या फोनमध्ये आधीपासून भरण्याचा आदेश काढला. मोठा विरोध झाला, काही दिवसांत तो मागे घेतला गेला. विरोध करणाऱ्यांचं मला मनापासून कौतुक वाटतं, आणि हा प्रसंग स्वदेशी प्रणालीच्या चर्चेत कोणी घेत नाही याचं वाईट वाटतं. उद्या प्रणालीच सरकारी मालकीची असेल, तर असा आदेश काढावाही लागणार नाही, एका अपडेटमध्ये काम होईल. युरोपही यातून सुटलेला नाही. खासगी संदेश तपासण्याच्या प्रस्तावावर इथे २०२२ पासून वाद चालू आहे.

म्हणून माझं मागणं नेमकं आहे. सरकारने ऑपरेटिंग सिस्टिम खरेदी करताना, मग ती बॉस असो, माया असो की विंडोज, निविदेत लिहावं की आधीपासून भरलेलं कुठलंही ॲप काढता आलं पाहिजे, सरकारीसुद्धा. एआय सहायकाने कोणत्या क्षणी कोणती फाइल, कोणता माइक वापरला याची नोंद वापरणाऱ्याला त्याच्या भाषेत दिसली पाहिजे, आणि सहायक शक्य तिथे यंत्रावरच चालला पाहिजे. मराठीत बोलून काम करून घेणाऱ्या माणसाला परवानगीची सूचना इंग्रजीत दाखवणं म्हणजे त्याची परवानगी न घेणंच. बड्या डिजिटल कंपन्यांवर बंधनं घालू पाहणाऱ्या भारताच्या डिजिटल स्पर्धा विधेयकाचा मसुदा मार्च २०२४ मध्ये आला होता. तो पुन्हा हाती घेतला जाईल तेव्हा या अटी त्यात आणता येतील, आणि राष्ट्रीय प्रणालीच्या पुढच्या घोषणेवर खर्च होणारा पैसा डेबियन आणि लिनक्सच्या गाभ्यावर पूर्णवेळ काम करणाऱ्या भारतीय अभियंत्यांच्या पगारावर खर्च करता येईल.