आत्या, पेला आणि 'टाइमपास'

परवा आत्याकडे गेलो होतो. आतून मालिकेचा आवाज येत होता, कुणाचं तरी लग्न मोडायच्या बेतात होतं. मी आत पाऊल टाकलं तशी आत्याने घाईघाईने रिमोट उचलून आवाज बंद केला. "काही नाही रे, उगाच लावलं होतं. टाइमपास." डोळे पुसायचे मात्र राहून गेले होते.

ती रडत होती आणि तिला माझ्यासमोर त्याची लाज वाटली. पंधराएक वर्षांपूर्वी मीच तिला म्हणालो होतो, "आत्या, तू एवढी वाचणारी, हे कसलं बघतेस?" मी विसरून गेलो होतो. ती नाही.

मी रिमोट घेऊन आवाज वाढवला आणि शेजारी बसलो. थोड्या वेळाने ती म्हणाली, "बघ, आई काही बोलत नाहीये, पण हातातला पेला कधीची खाली ठेवत नाहीये." मला तो पेला दिसलाच नव्हता. पंधरा वर्षं ही बाई असं बारकाईने बघत होती आणि त्यातलं एक अक्षर माझ्याशी बोलली नाही. माझ्या त्या एका वाक्याने मी केवढं गमावलं!

आवडलेल्या गोष्टीबद्दल सारवासारव करायची ही सवय वाईट आहे. पोट धरून हसलेला माणूस थिएटरबाहेर येऊन सांगतो, "डोकं बाजूला ठेवून बघायचा." का? हसताना डोकं जागेवरच होतं की. विनोदाची वेळ, पात्राचा स्वभाव, आधी पेरलेला धागा, हे सगळं डोक्यालाच तर कळतं.

मालिकांना हिणवायला वापरतात तो 'सोप ऑपेरा' हा शब्दच बघा. १९३० च्या दशकात अमेरिकन रेडिओवर दुपारच्या मालिका लागायच्या, मुख्यतः घरातल्या बायकांसाठी. प्रायोजक साबणाच्या कंपन्या, म्हणून 'सोप'. इर्ना फिलिप्स या लेखिकेची 'गायडिंग लाइट' १९३७ मध्ये रेडिओवर सुरू झाली, १९५२ मध्ये टीव्हीवर गेली आणि २००९ पर्यंत चालली. ७२ वर्षं! कालचा भाग चुकलेल्याला आजचा कळला पाहिजे आणि काल बघितलेल्याला कंटाळा येता कामा नये, हे रोजच्या रोज साधायचं. कुणी लिहून बघावं. आणि एक बोलतोच: नाक मुरडणं सुरू होतं ते बहुतेक वेळा बायकांच्या आणि पोरींच्या आवडीपासून. तीन तास मॅच बघणाऱ्या पुरुषाला सहसा कुणी 'काय हे' म्हणत नाही.

चित्रपट दिग्दर्शक आल्फ्रेड हिचकॉकचंही तेच. त्याला कित्येक वर्षं लोक थरारपट काढणारा हुशार करमणूकदार समजत. दिग्दर्शनाच्या ऑस्करसाठी पाच वेळा नामांकन, एकदाही मिळालं नाही. फ्रान्समधल्या तरुण समीक्षकांनी मात्र त्याला गंभीरपणे घेतलं. त्यांच्यातल्या त्रूफोने १९६२ मध्ये त्याची प्रदीर्घ मुलाखत घेतली, १९६६ मध्ये तिचं पुस्तक आलं. हिचकॉकचा १९५८ चा 'व्हर्टिगो' २०१२ मध्ये 'साइट अँड साउंड' या ब्रिटिश चित्रपट-मासिकाच्या समीक्षक-पाहणीत सर्वोत्तम चित्रपट ठरला. मधल्या ५४ वर्षांत चित्रपटाची एक फ्रेमही बदलली नव्हती. पण ज्या प्रेक्षकाला तो पहिल्याच दिवशी मनापासून आवडला होता, त्याने समीक्षकांच्या होकाराची वाट का बघायची?

लोकप्रिय ते सगळं चांगलं, असं मी म्हणत नाही. ताणलेली मालिका ताणलेलीच असते, बाईला मारणारा नायक मलाही सहन होत नाही. पण ते बघून, कारण देऊन बोलावं. आत्या तशीच बोलते. "मधले दोन महिने नुसतं पाणी घातलं," असं तिनेच सांगितलं. न बघता नाक मुरडणाऱ्याला हे कुठून कळणार?

तर मी मोकळेपणाने सांगतो. मला खुनाच्या रहस्यकथा आवडतात, एकाच रात्रीत संपवतो. प्रेमकथेत शेवटी दोघं भेटली की मला भरून येतं. आणि आता आत्याची मालिकाही आवडायला लागली आहे. तुम्हाला अलीकडे काय मनापासून आवडलं? सांगा, फक्त 'टाइमपास' म्हणू नका.