जर्नलमधलं 40320

सर, नमस्कार. 'जर्नल हाताने लिहून घेण्यात प्रॅक्टिकलचे तास वाया जातात' हे माझं वाक्य तुम्हाला लागलं. तुम्ही म्हणता, बॅचमध्ये तीस मुलं, तास दोन, निम्मी मशीन बंद. लिहिताना निदान कोड एकदा नजरेखालून तरी जातो. मीही तासिका तत्त्वावर शिकवलंय, ही ओढाताण मला ठाऊक आहे. तरी मत बदलत नाही, आणि त्याला कारण एक जर्नल आहे.

फॅक्टोरियलचा (1 पासून त्या आकड्यापर्यंतच्या सगळ्या संख्यांचा गुणाकार) प्रोग्रॅम. टर्बो सी, म्हणजे सी भाषेचा जुना कंपायलर; उत्तर ठेवायचं व्हेरिएबल इंट, म्हणजे पूर्णांकाचा साधा प्रकार. खाली सुबक अक्षरात आउटपुट: 8 चं फॅक्टोरियल 40320. गणित बरोबर, पण टर्बो सीमधला इंट 16 बिटांचा. 32767 च्या पुढे तो जातच नाही. स्क्रीनवर -25216 येतं. म्हणजे प्रोग्रॅम चालवलाच नव्हता. गठ्ठ्यातली आणखी जर्नल उघडली, तिथेही 40320. सगळ्यांवर सह्या माझ्या होत्या. त्या रात्री मला फार वाईट वाटलं.

दुसऱ्या दिवशी ते पहिलं जर्नल लिहिणाऱ्या मुलीला मशीनवर बसवलं. मायनस बघून ती गप्प झाली. इंटचा लाँग (मोठे आकडे मावणारा प्रकार) करायला सांगितलं, तर पुन्हा -25216! सेव्ह झालं नसेल म्हणून तिने एफ2 दाबून परत चालवलं. तेच. मग पाचेक मिनिटांनी तिचं बोट उत्तर छापणाऱ्या प्रिंटएफच्या ओळीतल्या %d वर गेलं. %d म्हणजे इंट समजून छाप; तिथे लाँगसाठीचं %ld केलं आणि 40320 आलं. हे जर्नल लिहून कळलं नसतं.

पुणे विद्यापीठाच्या संगणकशास्त्राच्या वर्कबुकात असाइनमेंटला 0 ते 5 गुण असतात. त्यात उशिरा पूर्ण केलेल्याला 2 आणि सुधारणा हवी असलेल्याला 3. स्वतः झगडणाऱ्याला उशीर होतोच, उतरवणाऱ्याला होत नाही. मला हे पटत नाही.

तोंडी विचारलं तर बोलघेवडी मुलं मार्क नेतात, हा तुमचा मुद्दा मात्र शंभर टक्के मान्य. म्हणून व्याख्या विचारूच नये. चालू प्रोग्रॅममधली एक ओळ बदलायला सांगावं, तेही मराठीतून. अबोल मुलांचे हात तिथे बरोबर चालतात. एका प्रॅक्टिकलला पाच-सहा जणांना विचारलं तरी सत्रभरात प्रत्येकाची पाळी दोन-तीनदा येते.

तुमच्याकडे जीसीसी (सीचा नवा कंपायलर, त्यात इंट 32 बिटांचा) असेल तर इंट ठेवूनच 13 चं फॅक्टोरियल काढायला सांगा. 1932053504 येईल. त्याला मायनसही नाही, त्यामुळे चूक आहे हे किती जणांच्या लक्षात येतं ते बघा.