एका स्टारच्या रिव्ह्यूला उत्तर : ‘कायएक करूक नाय’

नमस्कार काका,

तुमचा रिव्ह्यू वाचला. तुम्ही मोकळेपणाने लिहिलंत, मीही तसंच लिहितो. वाचणाऱ्या बाकीच्यांना संदर्भ कळावा म्हणून आधी थोडक्यात सांगतो. काका देवगड तालुक्यातले हापूसचे बागायतदार. आम्ही कणकवलीत वेबसाइटची कामं करतो. काकांची ऑर्डर घेणारी साइट एका जुन्या होस्टिंगवर होती. ती आम्ही अ‍ॅमेझॉनच्या क्लाउडवर, म्हणजे एडब्ल्यूएसवर हलवली आणि त्यांचं डॉट कॉम डोमेन तिकडे जोडून दिलं. काकांचं म्हणणं असं : एका ओळीच्या बदलाचे पैसे घेतले. भाच्याने तपासलं तर अलायस, म्हणजे डोमेनचं नाव साइटकडे वळवणारी आमची नोंद, सापडतच नाही. सर्व्हरचा आयपी नंबर (इंटरनेटवरचा पत्ता) मागितला तर उडवाउडवी केली. माल, म्हणजे साइटवरची माहिती, अमेरिकेत नेऊन ठेवली. आणि ऐन पाडव्याच्या बुकिंगला दोन दिवस साइट कोणाला दिसत होती, कोणाला नाही. खाली मालवणीत शेरा : ‘पैसे घेतल्यानी आणि कायएक करूक नाय.’

हा शेवटचा शेरा मला सगळ्यात जास्त लागला, म्हणून तिथूनच सुरू करतो.

भाच्याने लॅपटॉपवर ‘डिग’ ही कमांड चालवली, तेव्हा तुमच्या नावापुढे चार साधे ए रेकॉर्ड (नावाचा आयपी पत्ता सांगणाऱ्या नोंदी) आले. सीनेम (एक नाव दुसऱ्या नावाकडे वळवणारी नोंद) नाही, अलायस नाही. त्यावरून त्याने निष्कर्ष काढला की आम्ही हाताने चार नंबर टाकून मोकळे झालो. पोरगा हुशार आहे, कमांड बरोबर चालवली, पण अलायस बाहेरून दिसतच नाही. ती सोय रूट ५३ या अ‍ॅमेझॉनच्या डीएनएस, म्हणजे नावावरून पत्ता शोधून देणाऱ्या, सेवेच्या आतली आहे. कोणी तुमचं नाव विचारलं की रूट ५३ आतल्या आत बघतं, क्लाउडफ्रंटचे (साइट गिऱ्हाइकाच्या जवळच्या केंद्रातून दाखवणारी अ‍ॅमेझॉनची सेवा) या घडीचे पत्ते कोणते, आणि तेच पत्ते ए रेकॉर्ड म्हणून विचारणाऱ्याच्या हातात देतं. विचारणाऱ्याला मध्ये काही घडलं हे कळत नाही. खात्री करायची असेल तर रूट ५३ मध्ये लॉगिन करून तुमच्या नावाचा रेकॉर्ड उघडा. तिथे ‘अलायस’चं बटण चालू आहे आणि खाली क्लाउडफ्रंटचं लांबलचक नाव आहे. लॉगिन तुमच्याकडेच आहे. खातं तुमच्या नावावर, कार्ड तुमचं, डोमेनही तुमचंच. आम्हाला फक्त काम करण्यापुरती परवानगी दिलेली आहे आणि ती तुम्ही कधीही काढून घेऊ शकता.

आता सीनेमबद्दल. भाचा म्हणतो, मी फुकटात सीनेम टाकला असता. डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू लावलेल्या नावाला टाकता आला असता, आणि तुमच्या आधीच्या माणसाने नेमकं तेवढंच केलं होतं. म्हणून डब्ल्यू लावून टाइप केलं की साइट उघडायची आणि नुसतं नाव टाकलं की काहीच यायचं नाही. पण काका, तुमच्या पाच डझनाच्या पेटीवर काय छापलंय? नुसतं नाव. क्यूआर कोडमध्येही नुसतं नाव. छापून झालेले पुठ्ठे तुमच्या पडवीत थप्पी लावून ठेवले होते, मी बघितलेत. तेव्हा नुसतं नाव चालणं हीच खरी गरज होती.

आणि नेमकं तिथे सीनेम चालत नाही. हा अ‍ॅमेझॉनचा हट्ट नाही, डीएनएसचा मूळ नियम आहे. १९८७ सालच्या आरएफसी १०३४ या इंटरनेटच्या नियमांच्या दस्तऐवजात लिहून ठेवलंय की ज्या नावाला सीनेम आहे, त्या नावाला दुसरा कुठलाही रेकॉर्ड नसावा. डोमेनच्या मूळ, म्हणजे त्या नुसत्या, नावावर मात्र नेमसर्व्हरचे (डोमेनच्या नोंदी कोणाकडे आहेत ते सांगणारे) आणि एसओएचे (डोमेनची मूळ माहिती सांगणारे) रेकॉर्ड असावेच लागतात, त्यांच्याशिवाय डोमेन चालत नाही. शिवाय तुमचा ईमेल त्याच नावावर आहे, म्हणजे मेल कुठे पोचवायचा ते सांगणारा एमएक्स रेकॉर्डही तिथेच. रूट ५३ मध्ये मूळ नावाला सीनेम टाकायला गेलं तर ते सरळ नाकारतं. काही होस्टिंगची पॅनेलं मात्र मुकाट्याने घेतात, आणि मग साइट चालते पण मेल यायचे बंद होतात. पुण्या-मुंबईच्या सोसायट्यांच्या एकगठ्ठा ऑर्डरी तुम्हाला मेलवर येतात. त्या गेल्या कुठे हे आठवडाभर कळलं नसतं. अलायस याच अडचणीसाठी आहे. मूळ नावावर चालतो, एमएक्सला धक्का लावत नाही.

‘दुसऱ्या कंपनीत हे फुकट मिळतं’ असंही तुम्ही लिहिलंय. खरं आहे. क्लाउडफ्लेअरवर मूळ नावाला सीनेम टाकला तर ते तो आतल्या आत सोडवून ए रेकॉर्ड देतात, फुकटच्या प्लॅनमध्येसुद्धा. अझ्युअरच्या डीएनएसमध्येही अलायस रेकॉर्ड आहेत. तेही रस्ते चांगलेच आहेत. तुमची साइट अ‍ॅमेझॉनवर नेली म्हणून डीएनएसही तिथेच घेतलं, एवढंच. त्याचा खर्च होस्टेड झोनचे (डोमेनच्या सगळ्या नोंदी जिथे राहतात त्या जागेचे) महिन्याला अर्धा डॉलर. ते तुमच्या कार्डावरून थेट अ‍ॅमेझॉनला जातात, आमच्या खिशात त्यातलं काही येत नाही. आणि क्लाउडफ्रंटकडे जाणाऱ्या अलायसच्या चौकशांना पैसे पडत नाहीत. सीनेमच्या चौकशांना पडतात.

आयपीचा मुद्दा. तुम्ही ‘नंबर द्या’ म्हणालात आणि मी ‘द्यायला नंबर नाही’ म्हटलं, त्याला तुम्ही उडवाउडवी समजलात. पण आपल्यासारख्या नेहमीच्या क्लाउडफ्रंटला एक ठरलेला नंबर नसतो. मुंबईतल्या गिऱ्हाइकाला जवळच्या केंद्राचे पत्ते मिळतात, बंगळुरूच्या गिऱ्हाइकाला वेगळे मिळू शकतात, आणि तेही बदलत राहतात. या उत्तराची मुदत, म्हणजे ते किती वेळ धरून ठेवायचं ते, ६० सेकंदांची असते आणि अलायसमध्ये ती आपल्याला बदलताही येत नाही. भाच्याला काल एक नंबर दिसला, आज दुसरा, म्हणून साइट डळमळीत आहे असं त्याला वाटलं. तसं होणंच अपेक्षित आहे. त्याने सुचवल्याप्रमाणे आजचे चार नंबर साध्या ए रेकॉर्डमध्ये कोंबले असते तर काही दिवस सगळं सुरळीत वाटलं असतं, आणि ते पत्ते बदलले की ऐन सीझनमध्ये साइट गायब. कृपा करून हे करू नका. कोणीही सांगितलं तरी.

एकच सर्व्हर घेऊन त्याला कायमचा नंबर लावला असता तर तुम्हाला हवा तसा नंबर मिळाला असता. तिथे अलायस लागतच नाही, साधा ए रेकॉर्ड चालतो, किंबहुना एकट्या सर्व्हरकडे अलायस लावताच येत नाही. पण बुकिंग उघडलं की पहिल्या तासात जी झुंबड उडते ती झेलायला आणि आंब्याचे मोठमोठे फोटो पटकन उघडायला पुढे क्लाउडफ्रंट ठेवला. हे कोटेशनमध्ये लिहिलेलं आहे.

माल अमेरिकेत नाही. तुमच्या ऑर्डरी आणि गिऱ्हाइकांचे पत्ते मुंबईच्या रीजनमध्ये (अ‍ॅमेझॉनच्या डेटा सेंटरच्या भागात) आहेत, तो अ‍ॅमेझॉनने २०१६ मध्ये सुरू केला. तुम्हाला स्क्रीनवर ‘नॉर्थ व्हर्जिनिया’ हा अमेरिकेतला रीजन दिसला, ते सर्टिफिकेटच्या पानावर. साइट कुलपासह उघडायला जे सर्टिफिकेट लागतं, ते क्लाउडफ्रंटसाठी त्याच रीजनमधून घ्यावं लागतं, मग सर्व्हर मुंबईत असो की आणखी कुठे. आम्हालाही हा नियम विचित्रच वाटतो.

एका ओळीचे पैसे, याबद्दल. ओळ एक दिसते, मान्य. मूळ नावाला ए आणि एएएए, डब्ल्यूच्या नावाला तेच दोन, म्हणजे तशा चार. एएएए बरेच जण विसरतात. मोबाइलवरची बरीच गिऱ्हाइकं आयपीव्ही६, म्हणजे नव्या पद्धतीच्या पत्त्यांवरून येतात, म्हणून तो लावायचा. पण खरं काम त्या ओळींच्या आधीचं. क्लाउडफ्रंटमध्ये तुमची दोन्ही नावं आधी नोंदवावी लागतात, नाहीतर अलायस बरोबर असूनही समोर ४०३ची (प्रवेश नाकारल्याची) एरर येते. सर्टिफिकेटवर दोन्ही नावं लागतात. भाच्याने बघितलेल्या व्हिडिओत बहुतेक एस३च्या, म्हणजे अ‍ॅमेझॉनच्या फाइल ठेवायच्या सेवेतल्या, बकेटला थेट अलायस लावून दाखवला असणार. ते होतं झटपट. त्यात बकेटचं नाव डोमेनच्या नावासारखंच हुबेहूब असावं लागतं, आणि एस३चा तो वेबसाइटचा पत्ता एचटीटीपीएस (कुलपाचं सुरक्षित कनेक्शन) देत नाही. पैसे भरायच्या पानावर ब्राउझर ‘सुरक्षित नाही’ म्हणाला असता तर पेटीचे आगाऊ पैसे कोणी भरले असते?

सगळ्यात वेळखाऊ होतं ते जुन्या पॅनेलमधले रेकॉर्ड एकेक करून नव्या झोनमध्ये उतरवणं. मेलचे एमएक्स, तुमच्या नावाने खोटे मेल जाऊ नयेत म्हणून असलेले टीएक्सटी रेकॉर्ड, आणि कधीतरी कोणीतरी टाकलेला, कशाचा ते तुम्हालाही आठवत नव्हतं असा एक. तोही उतरवला, कारण काढला आणि काही बंद पडलं तर सीझनमध्ये शोधत बसायला वेळ कोणाला आहे.

आता त्या दोन दिवसांबद्दल. इथे नुकसान तुमचं झालं, ऑर्डरी अडकल्या, त्याचं मलाही वाईट वाटलं. पण कारण सरळ सांगायला हवं. नेमसर्व्हर बदलले की जग लगेच नव्याकडे येत नाही. डॉट कॉमच्या वरच्या सर्व्हरवर या नोंदीची मुदत १,७२,८०० सेकंदांची असते, म्हणजे पुरते दोन दिवस. तुमच्या दुकानाचा फोन बदलला तरी गिऱ्हाइकांच्या डायरीत जुनाच नंबर राहतो, तसं आहे हे. आतल्या रेकॉर्डच्या मुदती आम्ही आधीच कमी करून ठेवल्या होत्या. वरची मुदत ना आमच्या हातात, ना तुमच्या. म्हणूनच व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून दिलं होतं की जुनं होस्टिंग आणखी आठवडाभर चालू ठेवा. दोन्हीकडे साइट चालू असती तर कोणाला काही कळलंही नसतं. पण नूतनीकरणाचे पैसे वाचावेत म्हणून ते खातं त्याच संध्याकाळी तुमच्याकडून बंद झालं. त्यामुळे ज्यांच्याकडे जुनी नोंद होती त्यांना ‘हे खातं बंद आहे’ असं पान दिसलं. तुम्ही पाठवलेल्या स्क्रीनशॉटवर त्या जुन्या कंपनीचंच चिन्ह आहे, जरा मोठं करून बघा. अलायसचा त्यात काही संबंध नाही. ज्यांना साइट दिसत होती त्यांना ती अलायसनेच दिसत होती.

पैसे परत मागितलेत. झालेल्या कामाचे परत करणार नाही, हे इथेच स्पष्ट सांगतो. पण भाच्याला शिकायची हौस दिसते, त्याला घेऊन कणकवलीला ऑफिसात या. त्याला झोन दाखवतो, कुठे हात लावायचा आणि कुठे नाही ते सांगतो, त्याचे पैसे नाहीत. तोवर दोन गोष्टी सांभाळा. क्लाउडफ्रंटमधलं काही ‘नको’ म्हणून काढू नका. आणि डोमेनचं नूतनीकरण भर मे महिन्यात येतंय, त्याचा मेल तुमच्या जुन्या पत्त्यावर जातो, तो पत्ता आजच बदलून घ्या. तेवढं आमच्याकडून करता येत नाही, ओटीपी तुमच्या मोबाइलवर येतो.

रिव्ह्यू काढा असं म्हणत नाही. एक स्टार राहू दे. फक्त ‘कायएक करूक नाय’ हे वाक्य रूट ५३ मधला तो रेकॉर्ड उघडून बघितल्यावर ठेवायचं की नाही ते ठरवा.