खुलासा : शेकर पंथीय यंत्रांच्या विरोधात नव्हते

‘अमेरिकेतले शेकर पंथीय आमिशांसारखी यंत्रं टाळत’ हे फिरणारं विधान साफ चुकीचं आहे. शेकर म्हणजे सामुदायिक वसाहतींत ब्रह्मचर्याने राहणारा ख्रिस्ती पंथ; आमिश हा आधुनिक यंत्रं टाळणारा वेगळा ख्रिस्ती पंथ. न्यूयॉर्क राज्यातल्या न्यू लेबनन वसाहतीत औषधी वनस्पतींचे अर्क आटवायला निर्वात कढई (आतली हवा काढून घेता येणारी बंद कढई) होती. त्याच कढईत अमेरिकन संशोधक गेल बोर्डन यांनी १८५३च्या सुमारास दूध आटवून पाहिलं. आटीव दुधाचं १८५६चं पेटंट मात्र बोर्डन यांचं. तेव्हा तो शोध शेकरांच्या नावावर घालू नये.

बंद कढईतली हवा पंपाने ओढली की दाब उतरतो आणि दूध साधारण ५५–६० अंश सेल्सिअसलाच उकळतं. उघड्या कढईत ते शंभरीपर्यंत तापतं, तळाला लागतं, तांबूस पडतं नि करपट वास धरतं. न्यू हॅम्पशायर राज्यातल्या कँटरबरीच्या शेकरांचं धुलाईयंत्र तर १८५८चं, तेही पेटंटसकट. हॉटेलांना ते विकलंही जाई.