राशींच्या स्टिकर शीटबद्दलच्या तक्रारीला आमचं उत्तर

नमस्कार ताई,

तुमच्या मुलीने टीव्हीवरची पात्रं घेऊन काढलेल्या बारा राशींच्या कार्टून चित्रांच्या 40 स्टिकर शीट, बारा ए-4 प्रिंट आणि राशीचं कार्ड आम्ही छापलं, त्याबद्दल तुम्ही एक तारा देऊन चार गोष्टी लिहिल्या आहेत. जांभळा रंग निळा आला. कन्येचा पाय कापला गेला आणि स्टिकर आठवड्याभरात स्टीलच्या बाटलीवरून सुटले. मुलगी 5 एप्रिलची, आजी कर्क म्हणते आणि कार्डावर मेष छापली. स्टॉलवर विकायला आणखी 200 शीट मागितल्या तर आम्ही 'शिष्टपणे' नाही म्हटलं. शेवटची गोष्ट सोडून बाकी सगळ्यांत आमचा थोडाफार वाटा आहे. नकार मात्र कायम आहे, त्याचं कारण खाली येईलच.

कन्येचा पाय आधी, कारण ती चूक पूर्ण आमची. स्टिकर 13 बाय 19 इंचांच्या शीटवर छापून वर ग्लॉस लॅमिनेशन होतं. मग प्लॉटर, म्हणजे कापणारं मशीन, कोपऱ्यांतल्या काळ्या खुणा वाचून हाफ कट मारतं, म्हणजे वरचा स्टिकर कापला जातो, पाठकागद शाबूत राहतो. ग्लॉसवर उजेड चमकला की सेन्सर खूण जराशी बाजूला वाचतो, आणि शीटच्या तळाकडे जाताना तो फरक वाढत जातो. कन्या नेमकी शेवटच्या ओळीत होती. चारही खुणांवर मॅट चिकटपट्टी लावायची आणि पहिली शीट कापून, स्टिकर सोलून बघायची, मगच उरलेल्या 39 मशीनला द्यायच्या, एवढं केलं असतं तर हे झालं नसतं.

स्टिकर सुटण्याचं कारण निराळं. तुम्ही कागदी स्टिकर निवडलात, कारण तो स्वस्त होता. वह्यांसाठी तो उत्तम. पण गार पाण्याच्या बाटलीला बाहेरून घाम येतो, तो कापलेल्या कडेतून कागदात शिरतो, कागद फुगतो आणि वरचं लॅमिनेशन कडा ओढून वर उचलतं. लॅमिनेशन फक्त वरून असतं, कडेला काही नसतं. बाटलीसाठी व्हिनाइलच, म्हणजे प्लास्टिकचा स्टिकर, घ्यावं. 'चिकटवणार कशावर?' हा प्रश्न काउंटरवर विचारायला हवा होता, तो विचारला नाही. व्हिनाइल लावतानाही बाटली साबणाने धुऊन पूर्ण वाळवायची, तेलकट बोटं लावायची नाहीत, मधून कडेकडे दाबत न्यायचं आणि निदान 24 तास पाणी लावायचं नाही.

सगळ्यात आधी काय सुटलं ते पाहिलंत का? वृश्चिकाची नांगी, धनूचा बाण आणि तुळेच्या साखळ्या. 2 मिलिमीटरपेक्षा बारीक असलेलं काहीही स्टिकरवर टिकत नाही. अशा भागांभोवती कटलाइन चिकटून न नेता चित्राबाहेर 2 ते 3 मिलिमीटर पांढरी किनार ठेवायची आणि टोकं गोल करायची. साखळ्यांमधल्या फटी तर सरळ बुजवून टाकाव्यात. दिसायला थोडं बाळबोध होतं, पण टिकतं.

आता जांभळा. टॅबलेटवरचा तो झगझगीत जांभळा उजेडाचा रंग आहे. छपाई निळसर सायन, मॅजेंटा, पिवळा आणि काळा अशा चार रंगांतून होते आणि तेवढा तेजस्वी जांभळा त्यांतून निघतच नाही. मशीन जवळचा रंग शोधतं, आणि सायन मॅजेंटाच्या बरोबरीला किंवा वर गेला की डोळ्याला निळसर दिसतो. मुलीला सांगा, सायन 75 टक्के आणि मॅजेंटा 100 टक्क्यांपासून सुरुवात करायची, पिवळा आणि काळा शून्य, आणि छापून बघत सायन कमी करत जायचा. मिथुनाच्या अंगरख्याचा पोपटी निऑन हिरवाही असाच मेला. त्याला चार रंगांत उपाय नाही. शिवाय ए-4 प्रिंटना तुम्ही मॅट लॅमिनेशन सांगितलंत, त्याने गडद रंग आणखी एक पायरी बसतात. आमची चूक अशी की पसंतीसाठी तुम्हाला मोबाइलवर पीडीएफ पाठवली. पडद्यावर पाठवलेल्या नमुन्यात रंगाची पसंती होत नसते. एक कागद छापून हातात द्यायला हवा होता.

एक प्रिंट पुसट आहे, सिंहाची, ती मात्र फाइलमुळे. ए-4 साठी 300 डीपीआयला, म्हणजे एका इंचात 300 ठिपके धरून, 2480 बाय 3508 पिक्सेल लागतात. सिंह व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणून आला होता, लांब बाजू 1600. म्हणजे जेमतेम 137 डीपीआय. बाकीच्या अकरा डॉक्युमेंट म्हणून आल्या, त्या स्वच्छ आहेत.

राशीबद्दल: आजी बरोबर आहेत आणि कार्डही चूक नाही. कार्डावरच्या तारखा पाश्चात्त्य सूर्यराशीच्या आहेत, त्यात 21 मार्च ते 19 एप्रिल मेष. आपल्या निरयन पद्धतीत, म्हणजे स्थिर ताऱ्यांवरून राशी मोजताना, सूर्य मेषेत जातो 14 एप्रिलच्या सुमारास, म्हणजे 5 एप्रिलला सूर्य मीनेत. आणि मराठी घरात 'रास' म्हणतात ती चंद्राची, आजींची कर्कही तीच. चंद्र एका राशीत साधारण सव्वादोन दिवस असतो, त्यामुळे नुसत्या तारखेवरून ती सांगताच येत नाही. (दाते आणि टिळक पंचांगांचे अयनांश, म्हणजे या दोन पद्धतींतल्या फरकाचा आकडा, हेही वेगळे, त्या वादात छापखान्याने पडू नये.) 'पाश्चात्त्य सूर्यरास' हे दोन शब्द आमच्या कार्डावर नव्हते, ते आता घातले आहेत. चंद्ररास हवी असेल तर तारखांच्या जागी नावाची अक्षरं छापू. मेषेला चू, चे, चो, ला, ली, लू, ले, लो, अ. कर्केला ही, हू, हे, हो, डा, डी, डू, डे, डो. राशीत येणाऱ्या नक्षत्रांच्या नऊ चरणांची, म्हणजे पाव भागांची, नऊ अक्षरं, कार्डावर दोन ओळींत बसतात.

राहिला नकार. टीव्हीवरची ओळखीची पात्रं राशींच्या वेषात काढणं ही फॅन आर्ट, आणि मुलीचा हात खरंच चांगला आहे. घरच्या वाढदिवसाच्या 40 शीट 'विकणार नाही' असं लिहून घेऊन आम्ही छापल्या. ते कायद्याचं कवच नव्हे, आम्ही आखलेली रेघ आहे. विक्री त्या रेघेच्या पलीकडे जाते. कॉपीराइट कायदा, 1957 च्या कलम 63 प्रमाणे जाणूनबुजून उल्लंघन करणाऱ्याला 6 महिने ते 3 वर्षे कैद आणि 50 हजार ते 2 लाख रुपये दंड आहे, आणि त्यात मदत करणाराही येतो. म्हणजे छापणारा. 'मूळ कंपनी परदेशात, कोण बघतंय' हे आम्हाला पटत नाही. 1991 पासून पुण्यातल्या वर्तमानपत्रात आलेला चित्रपट्टीतला चिंटूही कुणाच्या तरी मालकीचाच आहे.

राशी मात्र कुणाच्या मालकीच्या नाहीत, आणि चित्रासाठी जुनं वर्णन पाश्चात्त्य चित्रांपेक्षा जास्त गमतीचं आहे. प्राचीन ज्योतिषी वराहमिहिराच्या बृहज्जातक या ग्रंथात मिथुन म्हणजे जुळी मुलं नव्हेत, गदा घेतलेला पुरुष आणि वीणा घेतलेली स्त्री. कन्या नावेत बसलेली, हातात धान्य आणि अग्नी. मकराला हरणाचं तोंड. हीच बारा पात्रं तिने स्वतःच्या मनाने काढावीत. चेहऱ्याची ठेवण, कपड्यांचे ठरलेले रंग, केसांची बाह्यरेषा आणि नाव, या चारांपैकी काहीही ओळखीच्या पात्राचं नको. मग 200 काय, 2000 शीट छापू.

भरपाई अशी: 40 शीट व्हिनाइलवर, कटलाइन सुधारून, विनामूल्य. अकरा ए-4 प्रिंटही पुन्हा, ग्लॉसमध्ये, आधी छापील नमुना दाखवून. सिंहाची मूळ फाइल डॉक्युमेंट म्हणून पाठवलीत तर बारावीही त्यातच. पावतीचा फोटो पुरेल, जुन्या शीट परत आणायची गरज नाही.