‘मराठवाड्यात रोड बाईक चालत नाही’ म्हणणाऱ्यांना

व्हॉट्सअ‍ॅपवर एक मेसेज फिरतोय : ‘मराठवाड्यात रोड बाईक म्हणजे पैसे पाण्यात. सायक्लोक्रॉसच घ्या. टायर जाड, पंक्चर नाही, काळ्या मातीत पळते, घाटही सोपा.’ (रोड बाईक म्हणजे डांबरी रस्त्यावर वेगाने पळवायची बारीक टायरची सायकल; सायक्लोक्रॉस म्हणजे चिखल-गवतातल्या शर्यतीसाठीची.) आयुष्यातली पहिली चांगली सायकल घेणारी पोरं यावर विसंबून दुकानात जातायत, म्हणून लिहितोय.

टायरचं आधी. २३ मिमीचे टायर हा रोड बाईकचा जुना काळ झाला. आताच्या बहुतेक डिस्क ब्रेकवाल्या रोड बाईकला २८ मिमीचा टायर आरामात बसतो, कित्येकींना ३२ सुद्धा. उलट सायक्लोक्रॉसच्या आंतरराष्ट्रीय शर्यतीत ३३ मिमीच्या वर नियमानेच जाता येत नाही. म्हणजे भांडण फार तर पाच मिमीचं.

पंक्चर? खड्ड्याच्या कडेवर आपटून ट्यूब चिमटते, ते जाड टायरने कमी होतं, हे मान्य. पण आपल्याला रस्त्याच्या कडेला बसवते ती बाभूळ. गेल्या हिवाळ्यात पाणंदीवर मित्राच्या सायक्लोक्रॉसच्या मागच्या टायरमधून मी एक काटा पक्कडीने ओढून काढला. बोटाच्या दोन पेरांएवढा, ट्यूबमधून आरपार. त्यावर उपाय ट्यूबलेस टायर आणि आत सीलंट, म्हणजे भोक आपोआप बुजवणारा द्रव. रिम तशी असेल तर रोड बाईकलाही तो चालतो.

काळ्या मातीचा दावा मला सगळ्यात घातक वाटतो. सायक्लोक्रॉस चिखलासाठीच आहे, खरंय. पण ती शर्यत जेमतेम तासाभराची. चिखलाने भरलेली सायकल पिटमध्ये (सायकल बदलायच्या जागी) द्यायची, धुतलेली दुसरी घ्यायची, अशी तिथे सोय असते. परभणीकडच्या शेतवाटेवर पाऊस पडून गेला की चपलेला चिकटते तीच माती चाक आणि फ्रेमच्या मधे गच्च बसते. चाक फिरायचं थांबतं, मग काडीने खरवडत बसा. तिथे कुठलीच सायकल पळत नाही.

घाटाचं गणित तर उलटंच आहे. पेडलपाशी दोन दातेरी चकत्या असलेल्या जुन्या पद्धतीच्या सायक्लोक्रॉसला पुढे बहुधा ४६-३६ दात असतात, कॉम्पॅक्ट (लहान चकत्यांच्या) रोड बाईकला ५०-३४. मागे दोघींना २८ दात धरले, तर खुलताबादहून म्हैसमाळ चढताना पुढचे दात कमी असलेली ३४ वालीच पायाला हलकी पडते.

आणि पाणी! निव्वळ शर्यतीसाठी बनवलेल्या काही सायक्लोक्रॉस फ्रेम खांद्यावर उचलून पळण्यासाठी असतात, त्यांना बाटलीची जागाच नसते. छत्रपती संभाजीनगर ते वेरूळ जाऊन-येऊन साठेक किमी होतात. मे महिन्यात दोन बाटल्यांशिवाय निघू नका.

रोजचा रस्ताच मुरमाचा असेल तर मात्र रोड बाईक घेऊ नका. पण मग सायक्लोक्रॉस तरी कशाला? ४० मिमीचा टायर बसणारी ग्रॅव्हल बाईक, म्हणजे कच्च्या रस्त्यासाठीची सायकल, बघा. बाकी डांबरी आणि सिमेंट रस्त्यावर फिरणाऱ्याने दुकानदाराला एवढंच विचारावं : या फ्रेममध्ये जास्तीत जास्त किती मिमीचा टायर बसतो? आणि मागच्या चाकाशी वाकून टायर आणि फ्रेममधली फट स्वतः बघावी.